ट्रिंकोमालीचा हल स्क्रॅचपासून बनवायचाय, सुरुवात कुठून करू?

गलबतवेडा:

नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत जहाजांच्या मॉडेलची प्लॅस्टिकची किटं जोडली, आता लाकडात काहीतरी करायचंय आणि तेही किट न घेता. बाहेरून किट मागवलं की त्याची किंमत, कुरियर, वर कस्टम, म्हणजे एवढ्या पैशात घरी आख्खं वर्कशॉप उभं राहील. आधी डोक्यात आंग्र्यांची गुराब (लढाऊ गलबत) होती, पण जिथे शोधावं तिथे फक्त चित्रंच मिळतायत, तीही बहुतेक गोऱ्या चित्रकारांनी लांबून बघून काढलेली. मग एकाने सुचवलं की एचएमएस ट्रिंकोमाली कर, मुंबईत बांधलेली आहे, वाडियांनी, १८१७ ची, आणि जहाज अजून पाण्यावर आहे. ते मला पटलं.

आता प्रश्न. एक तर स्केल काय घेऊ? पुण्यात टू बीएचके आहे, बाल्कनीत काम करणार, त्यामुळे मीटरभर लांब जहाज नको. दुसरं, हल, म्हणजे जहाजाचं धड, कसा करायचा? प्लँक ऑन बल्कहेड (आडव्या छेदांच्या सांगाड्यावर फळ्या मारून) करू की थरावर थर चिकटवून कोरू? आणि तिसरं, लाकूड. सगळे व्हिडिओ बॉक्सवुड, पेअर, बासवुड म्हणतात, ते इथे कुठून आणू? हत्यारं म्हणजे जिगसॉ, ड्रिल, एक छोटा रोटरी टूल आणि दोन पटाश्या. मला फक्त हलच नीट करायचाय, डोलकाठ्या आणि शिडं नंतर बघू, झाली तर झाली.

रंधापटाशी:

जहाज चांगलं निवडलंत. गुराबीचं खूळ तूर्त बाजूला ठेवलंत तेही बरंच झालं. आंग्र्यांच्या गोदीत लाइन्स (आकाराच्या रेषांचे नकाशे) काढून जहाज बांधत असतील तर तो कागद आपल्यापर्यंत पोचलेला नाही, आणि लाइन्सशिवाय हल करायचा म्हणजे तुमची कल्पना लाकडात उतरवायची. ते करावं, जरूर करावं, पण पहिल्या हलला नाही. कारण मॉडेल वाकडं झालं तर चूक कल्पनेत आहे की हातात हे कळतच नाही.

ट्रिंकोमाली लीडा क्लासची, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांपैकी. लीडाच्या लाइन्स मुळात फ्रेंच, १७८२ साली इंग्रजांनी हेबे नावाची फ्रेंच फ्रिगेट (युद्धनौका) पकडली आणि तिच्यावरून हा क्लास काढला. हेबेचं डिझाइन साने या फ्रेंच माणसाचं. म्हणजे फ्रेंच आकार, इंग्रजांची ऑर्डर, मलबारचा साग आणि मुंबईचे पारशी व त्यांचे सुतार. एका क्लासची बरीच जहाजं बांधल्यामुळे ड्रॉइंगही मिळतात, ग्रीनिचच्या म्युझियमकडे ॲडमिरल्टीचे (इंग्रजी नौदल खात्याचे) मूळ नकाशे आहेत.

स्केलचं म्हणाल तर गनडेकची (तोफांच्या मजल्याची) लांबी साधारण १५० फूट साडेचार इंच आणि रुंदी ४० फुटाला इंचभर कमी. १:४८ ला हल ९५ सेंटीमीटर होतो, बाल्कनी संपली. १:९६ ला ४८ सेंटीमीटर, दिसायला सोपं पण नाळेपाशी (पुढच्या टोकाला) फळ्या इतक्या बारीक होतात की नवशिक्याच्या बोटात मावत नाहीत. १:७२ घ्या, ६४ सेंटीमीटर लांब आणि १७ रुंद. पुढे बोस्प्रिट (नाळेतून पुढे निघणारी काठी) लावलात तर लांबी बरीच वाढेल, ते आधीच घरच्यांना सांगून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. माझं आयुष्य फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे लाकडी नमुने बनतात तिथे) गेलं, त्यामुळे माझं मत थोडं एकांगी असेल, पण हल लाकडात बनत नाही, कागदावर बनतो. ॲडमिरल्टीचे नकाशे पाव इंचाला एक फूट या हिशोबाने काढलेले असतात, म्हणजे १:४८. तुम्हाला १:७२ हवं तर बरोबर दोन तृतीयांश प्रिंट काढायची. पण थांबा, दोनशे वर्षांचा कागद आहे, तो आडवा वेगळा आणि उभा वेगळा आकसलेला असतो, वर स्कॅन करताना अजून थोडा बिघडतो. म्हणून नकाशावर जी स्केलची पट्टी काढलेली असते ती मोजा, मग लांबी मोजा, मग रुंदी आणि उंची मोजा, आणि आडव्या-उभ्याला वेगवेगळं करेक्शन द्या. हे न करता डायरेक्ट झेरॉक्सच्या दुकानात गेलात की गेलात.

मग तिन्ही नकाशे एकमेकांशी ताडून बघायचे. बाजूने दिसणारा शिअर प्लॅन, वरून दिसणारा हाफ ब्रेड्थ, आणि समोरून-मागून दिसणारा बॉडी प्लॅन, ज्यात उजवीकडे पुढच्या फ्रेम (फासळ्या) आणि डावीकडे मागच्या. पुढच्या स्टेशनांना, म्हणजे छेदांच्या जागांना, अक्षरं असतात, मागच्यांना आकडे. कुठलंही एक स्टेशन घ्या, एका वॉटरलाइनवर (पाण्याला समांतर रेषेवर) त्याची रुंदी बॉडी प्लॅनवर मोजा आणि हाफ ब्रेड्थवर मोजा. दोन्ही जुळली पाहिजेत. अर्धा मिलिमीटर चुकत असेल तर लाकडाला हात लावू नका. पॅटर्न शॉपमध्ये आम्ही यावर जेवढा वेळ घालवायचो तेवढा कोरण्यावर नाही घालवायचो.

पद्धत कुठली हे विचारलंत तर माझ्या मते थर. १० मिलिमीटरच्या पाइनच्या फळ्या, प्रत्येक वॉटरलाइनच्या आकारात कापा, फेव्हिकॉलने एकावर एक चिकटवा, मग पायऱ्या रंध्याने आणि कानशीने उतरवा. बॉडी प्लॅनवरून पत्र्याच्या टेम्प्लेट कापून प्रत्येक स्टेशनला लावून बघत जा. दोन्ही बाजू सारख्या येतात आणि हल दगडासारखा घट्ट राहतो. हवं तर वरून फळ्या चिकटवा.

थ्रीडीवाला:

एवढा व्याप कशाला? लाइन्स कॉम्प्युटरमध्ये घ्या, सर्फेस बनवा, चार तुकड्यांत प्रिंट करा, पुट्टी मारा, घासा, झालं. माझ्याकडे प्रिंटर आहे, हवं तर बोला.

रंधापटाशी:

@थ्रीडीवाला लाइन्स कॉम्प्युटरमध्ये घेतानासुद्धा त्या आधी जुळवाव्याच लागणार, नाहीतर मशीन चुकीचा हल अगदी अचूक काढून देईल. पण लाइन्स तपासायला कॉम्प्युटर एक नंबर, तेवढं मान्य.

साखरीनाटे:

मी कोकणातला, घरासमोर होड्या बांधताना बघत मोठा झालो. रंधापटाशी काका सगळं बरोबर बोलतायत पण थराच्या पद्धतीला माझा विरोध आहे. फ्रिगेट आहे, वर गनपोर्ट (तोफांच्या खिडक्या) आहेत, ओळीने. भरीव ठोकळ्यात तेवढी चौकोनी भोकं कोरत बसणार का? आणि वरचा भाग आत झुकलेला असतो, तिथे भिंत पातळ हवी. प्लाय कापून सांगाडा करा आणि फळ्या मारा, जहाज बांधल्याचा आनंद त्यातच आहे, बाकी सगळं कोरीवकाम.

लाकडाचं सांगतो. साग घेऊ नका. खरं जहाज सागाचं आहे म्हणून मॉडेलही सागाचं असा हट्ट बरेच जण करतात, पण सागाची छिद्रं मोठी, १:७२ ला ती छिद्रं मुठीएवढी दिसतात, आणि बारीक पट्टी वाकवली की तडकते. वर सागाला तेल असतं, गोंद नीट धरत नाही. आपल्याकडे हेदू मिळतो, काही वखारीत हळदू म्हणतात, पिवळसर, रेषा जवळजवळ दिसतच नाहीत, पूर्वी फण्या आणि गिरणीतले बॉबिन त्याचे करायचे. बॉक्सवुडच्या जवळ जाणारं आपल्याकडचं लाकूड तेच. नाळेपाशी भरायच्या ठोकळ्यांना शिवण घ्या, हलकी, कोरायला मऊ आणि नंतर वाकत नाही. पट्ट्या कापून देणारा सुतार शोधा, पण आधीच सांगा की दीड मिलिमीटर जाडी हवी, तो हसेल, हसू द्या, ब्लेडच्या जाडीत अर्धं लाकूड भुश्यात जातं म्हणून तो पैसे जास्त मागेल आणि त्याचं बरोबर आहे.

आणि पावसाळ्यात फळ्या मारू नका. पुण्यात आमच्याएवढी दमट हवा नाही, तरी जुलैमध्ये मारलेल्या फळ्या जानेवारीत फटी दाखवतात. पावसाळ्यात कागदकाम करा, सांगाडा कापा. दिवाळीनंतर फळ्या.

गलबतवेडा:

खूप धन्यवाद सगळ्यांना. गनपोर्टचा मुद्दा पटला, त्यामुळे प्लँक ऑन बल्कहेडच करतो. थ्रीडीवाले, लाइन्स जुळवायला तुमची मदत लागेल, मेसेज करतो. काकांना दोन शंका. एक, प्लाय ४ मिलिमीटरचा आहे आणि स्टेशन तर एक रेघ आहे, मग बल्कहेडचं कुठलं तोंड रेघेवर ठेवायचं, पुढचं की मागचं की रेघ मधोमध? दोन, फळ्यांची जाडी बल्कहेडमधून वजा करायची की नाही? कोणी करा म्हणतं, कोणी नको.

रंधापटाशी:

अगदी नेमकं विचारलंत. जहाज मध्यावर सर्वात रुंद आणि तिथून दोन्हीकडे निमुळतं. बल्कहेड कापायचं स्टेशनच्या आकाराचं, आणि मग फळी पूर्ण टेकावी म्हणून त्याची कड तिरकी घासायची. घासताना लाकूड फक्त कमी होतं, वाढत नाही. म्हणून मोठा आकार ज्या तोंडावर आहे ते तोंड रेघेवर. पुढच्या अर्ध्यात बल्कहेडचं मागचं तोंड, मागच्या अर्ध्यात पुढचं तोंड. थोडक्यात, प्रत्येक बल्कहेडचं मध्याकडचं तोंड रेघेवर, आणि तिरपं घासायचं ते नाळेकडे किंवा सुकाणूकडे. मध्यावर काही फ्रेम जवळपास सारख्याच असतात, तिथे घासायला काही लागत नाही. घासताना रेघेवरच्या कडेला पेन्सिल लावून ठेवा. पेन्सिलची खूण गेली म्हणजे जास्त घासलं.

वजाबाकीचं म्हणाल तर ॲडमिरल्टीच्या लाइन्स फ्रेमच्या बाहेरच्या अंगापर्यंतच्या असतात, फळ्यांच्या बाहेरपर्यंतच्या नाहीत. खऱ्या जहाजावर फळी ३–४ इंच जाड, १:७२ ला ती सव्वा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एकच थर सव्वा ते दीड मिलिमीटरचा मारणार असाल तर काही वजा करू नका. दोन थर मारणार असाल, आधी पाइनचा दीड मिलिमीटर आणि वर हेदूची ०.६ ची पट्टी, तर एकूण २.१ झाले, मग बल्कहेडच्या कडेतून ०.८ काढा. पहिल्याच हलला दोन थर मारा असं मी सांगेन. पहिला थर घासता येतो, पुट्टी भरता येते, वरच्या थराला गुळगुळीत पाया मिळतो.

अंतराचं विसरलो. बल्कहेड २५ मिलिमीटरवर एक असं धरा, मध्यावर थोडं जास्त चालेल, नाळेपाशी १५ वर आणा, कारण तिथे वळण जोरात असतं आणि दोन आधारांमध्ये फळी सरळ जायला बघते. नाळेच्या टोकाला आणि सुकाणूपाशी मात्र बल्कहेडवर अवलंबून राहू नका, शिवणीचे ठोकळे भरून कोरा. सगळं चिकटवल्यावर एक लांब लवचिक पट्टी आडवी लावून बघायची, ती प्रत्येक कडेला टेकली पाहिजे, कुठे उचलली जाते, कुठे दाबली जाते ते बघायचं. या पट्टीवर आठवडा गेला तरी चालेल. आणि सांगाडा सरळ पाटावर क्लॅम्प करूनच फळ्या मारा, नाहीतर कणा पिळला जातो आणि मग त्यावर काही उपाय नाही.

खाडीपलीकडे:

उशिरा आलो, सॉरी. मी इंग्लंडमध्ये असतो आणि हार्टलपूलला जाऊन ट्रिंकोमाली पाहिलीय. आपलं जहाज एवढ्या लांब इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर उभं बघून कसंतरीच होतं, चांगल्या अर्थाने. नाळेवरचा पुतळा बघाल तर फेटा घातलेला माणूस आहे.

मला बांधकामातलं काकांएवढं कळत नाही, पण एक गोष्ट आत्ताच ठरवा, नाहीतर मागच्या बल्कहेड कापल्यावर पंचाईत होईल. तुम्ही कुठल्या सालची ट्रिंकोमाली करताय? १८१९ मध्ये ती मुंबईहून पोर्ट्समथला आली आणि नेपोलियनचं युद्ध संपलेलं असल्यामुळे पंचवीसेक वर्षं नुसती ठेवून दिली. १८४५ च्या सुमारास तिचं रूपांतर केलं, तोफा कमी करून मोठ्या बसवल्या आणि मागचा भाग, म्हणजे स्टर्न, बदलला. त्यामुळे हार्टलपूलचे फोटो बघून हलचा मागचा भाग केलात आणि ड्रॉइंग मूळ लीडा क्लासचं वापरलंत तर ते जुळणार नाही. मुंबईच्या गोदीतून निघाली तशी करायची तर फोटो फक्त नाळ आणि मधल्या भागासाठी वापरा. तिची बहीण युनिकॉर्न डंडीला आहे, १८२४ ची, तिच्यावर छप्पर घालून ठेवलेलं असल्यामुळे आतलं बरंचसं मूळचं राहिलंय.

आणि ड्रॉइंगवरून कंटाळलात तर एक ऐका. ट्रिंकोमालीचे मूळ नकाशे मुंबईला जावा नावाच्या फ्रिगेटवरून पाठवले होते आणि १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन कॉन्स्टिट्यूशनने ती जावाच पकडली. नकाशे गेले. जमशेटजी बोमनजी वाडियांना दुसऱ्या प्रती येईपर्यंत थांबावं लागलं. तुमचं दुःख फार तर नकाशा आकसल्याचं.

गलबतवेडा:

हाहा, हे माहीतच नव्हतं! मग तक्रार बंद. १८१७ चीच करतो, मुंबईहून निघाली तशी. म्हणजे खाली तांब्याचे पत्रे पण आले ना?

शेवटचा प्रश्न, खरं तर भीती याचीच आहे. नाळेपाशी फळ्या एकमेकींवर चढतात असं सगळीकडे वाचतोय. मध्यावर ५ मिलिमीटरची फळी छान बसणार, पण पुढे जागाच कमी असणार, मग जास्तीची फळी जाते कुठे?

साखरीनाटे:

नऊवारीच्या निऱ्या कंबरेपाशी जमतात तशा फळ्या नाळेपाशी जमतात, फरक एवढाच की लाकडाला घडी घालता येत नाही. म्हणून ती फळी आधीच निमुळती करून घ्यायची. वाकवून, ओढूनताणून बसवायला गेलात की ती वर सरकते आणि पुढच्या दहा फळ्या तिच्यामागे चुकतात.

हिशोब साधा आहे. आधी वेल मारा, म्हणजे गनपोर्टच्या खालचा तो जाड पट्टा, कारण जहाजाची सगळी रेषा डोळ्याला तिथूनच दिसते. ती वाकडी झाली तर बाकी काही बघायला नको. मग वेलच्या खालच्या कडेपासून कीलपर्यंत (तळाच्या कण्यापर्यंत) प्रत्येक बल्कहेडवर कागदाची पट्टी लावून घेर मोजा. समजा मध्यावर १२० मिलिमीटर भरला, फळी ५ ची, म्हणजे २४ फळ्या. आता या २४ सगळीकडे २४ च राहणार. नाळेपाशी घेर ७२ भरला तर ७२ भागिले २४, प्रत्येक फळी तिथे ३ मिलिमीटर. मधल्या प्रत्येक बल्कहेडवर असाच भागाकार करून पेन्सिलीने खुणा करा. मग फळी त्या खुणांप्रमाणे रंधून घ्या. नाळेपाशी फळी अर्ध्यापेक्षा जास्त निमुळती होत असेल तर मात्र तसं करू नका, टोकाला सुई झाली की ती खिळा धरत नाही. तिथे दोन फळ्यांची एक करायची, एक फळी आधीच संपवून शेजारचीला खाच पाडायची. मागे उलटं, काउंटरच्या (मागे बाहेर आलेल्या भागाच्या) खाली घेर वाढतो, तिथे पाचरीसारखा तुकडा मध्ये घालावा लागतो.

कीलला लागून असलेली पहिली फळी पुढे वर चढू देऊ नका. बरेच जण ती नाळेवर उंच नेतात, दिसायला छान दिसतं आणि बाकीच्या फळ्यांची जागा खाऊन टाकते. तिचं टोक खालीच संपवा.

फळ्या डावी-उजवी जोडीने मारत जा, एका बाजूला चार मारून मग दुसरीकडे असं नको. वाकवायला अर्धा तास पाण्यात आणि मग इस्त्रीवर किंवा सोल्डरिंग आयर्नच्या गरम नळीवर, हळू. फेव्हिक्विक फक्त टाचणीसारखा, एकेक थेंब, पकड फेव्हिकॉलचीच.

रंधापटाशी:

@साखरीनाटे तुम्ही होड्या नुसत्या बघितल्या नाहीत, हे दिसतंय. थरावरचा हट्ट मी मागे घेतो.

तांब्याचं एवढंच. पत्रे आले, आणि नवशिक्यासाठी ते वरदान आहे, कारण पाण्याखालचा अर्धा हल त्यांच्यात झाकला जातो. इंग्रजी नौदलाचा पत्रा ४ फूट बाय १४ इंच, १:७२ ला १७ बाय ५ मिलिमीटर. चिकट पाठीची तांब्याची टेप मिळते, इलेक्ट्रॉनिक्सवाले वापरतात ती, तिचे तुकडे कापा. मागून पुढे आणि खालून वर लावत या, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि पाणी कडेत घुसत नाही. खिळ्यांचे ठिपके उठवण्याच्या नादी लागू नका, या स्केलला ते फोडांसारखे दिसतात. आणि लावण्याआधी हल सीलरने बंद करा, लाकूड ओलं राहिलं तर टेप पावसाळ्यात सुटते.

थ्रीडीवाला:

@गलबतवेडा स्कॅन पाठवा. आडवं-उभं करेक्शन मी रविवारी टाकतो, स्केलच्या पट्टीचा फोटो मात्र सरळ वरून काढा, तिरका नको.

गलबतवेडा:

पाठवला. हेदूसाठी शनिवारी वखारीत जातोय, नाही मिळाला तर इथेच रडायला येईन.